दोन वर्षांची टीम

गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. घर म्हणजे जुना जालना. कुंडलिकेच्या पलीकडे नव्या जालन्यात राहणाऱ्यांनी रागावू नये, पण आमच्यासाठी तिकडे जाणं म्हणजे अजूनही ‘गावात जाऊन येतो’ असं सांगून निघण्याचं काम आहे. :-)

तर, नरक चतुर्दशीच्या दिवशी फराळ चालू असताना मोबाईलवर एक मेसेज आला. ‘दादा, मी तुमच्याच कॉलेजचा. सध्या फुटबॉल टीमचा कॅप्टन आहे. कॉलेजच्या वार्षिक अंकात टीमचा इतिहास द्यायचाय. सर म्हणले तुम्ही लिहीत असता. दोन पानं द्या ना लिहून.’

मला जाम आनंद झाला. एक तर कोणीतरी आपल्याला लेखक समजलं, आणि दुसरं म्हणजे टीमचा इतिहास माझ्यापेक्षा चांगला कोणाला माहीत असणार? ती टीम आम्हीच तर काढली होती! २०१४ साली, अकरावीच्या शेवटी, ब्राझीलचा वर्ल्ड कप जवळ आला होता तेव्हा. पुण्यात ऑफिसमध्ये फुटबॉलचा विषय निघाला की मी हे सांगतोच. ‘आमच्या कॉलेजात आधी फुटबॉल नव्हताच, आम्ही सुरू केला.’ किमान पाच टीम लीड आणि दोन मॅनेजरांना मी हे ऐकवलेलं आहे.

दोन पानं म्हणजे हजारेक शब्द. माझ्याकडची माहिती दोनशे शब्दांत संपली. म्हणून म्हटलं, आमच्या आधीच्या मुलांना विचारू, त्या काळी फुटबॉल का नव्हता ते. गल्लीतल्याच एका दादाला फोन लावला. तो आमच्या कॉलेजातून २००७ ला बारावी झाला, आता हार्डवेअरचं दुकान आहे.

‘नव्हता कामून? टीम आम्हीच सुरू केली की!’ दादा म्हणाला. ‘२००६ ला. झिदानने त्या मातेराझीला डोकं हाणलं ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात.’

मी जरा गप्प झालो. दादाने आणखी एक नंबर दिला. हे काका बँकेत आहेत, मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ते म्हणाले, ‘टीम आमच्या बॅचने काढली, १९९८ ला. त्याच्या आधी कॉलेजात फुटबॉल नव्हता.’ म्हणजे १९९८ च्या बॅचने टीम काढली ती झिदानने फायनलमध्ये डोक्याने दोन गोल मारले म्हणून, २००६ च्या बॅचने काढली ती झिदानने डोक्याने माणूस पाडला म्हणून, आणि आम्ही काढली तेव्हा झिदान रिटायर होऊन कोचिंगला लागला होता. पण काढली तिघांनीही. शून्यातून.

शेवटी कॉलेजातून निवृत्त झालेल्या शिपाईमामांकडे गेलो. क्रीडा विभागाच्या खोलीची किल्ली वर्षानुवर्षं त्यांच्याकडे असायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अठ्ठ्याण्णवच्या आधी पण होती एक टीम. बांबूचे गोल होते. ती पोरं गेली, बांबू मांडवाला वापरले.’

झाला इतिहास. :-)

हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री झोप लागेना. एकाच कॉलेजची एकच टीम चार वेळा ‘पहिल्यांदा’ स्थापन होते, आणि प्रत्येक बॅच शपथेवर सांगते की आमच्या आधी काही नव्हतं. कोणीही खोटं बोलत नाहीये. प्रत्येकाला खरंच काही दिसलं नव्हतं, कारण आधीच्यांनी काही ठेवलंच नव्हतं. आम्ही तरी काय ठेवलं? २०१५ च्या फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आली, मग सीईटी, मग ज्याने त्याने आपापलं गाव गाठलं. दोन बॉल आणि एक पंप खोलीत टाकून दिला. खालच्या वर्गातल्या एकाही पोराला बोलावून ‘आता हे तू बघ’ असं सांगितलं नाही. आज ऑफिसात प्रोजेक्ट सोडताना मी दोन आठवडे केटी देतो, कुठल्या सर्व्हरचा पासवर्ड कुठे आहे तेही लिहून ठेवतो. आयुष्यात ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान होता तिची मात्र एका ओळीचीही केटी दिली नाही.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं. ‘अरे, मराठवाड्यात फुटबॉल रुजतच नाही. आपला खेळ कबड्डी, कुस्ती, नाहीतर टेनिस बॉल क्रिकेट.’ काळ्या मातीत पावसाळ्यात बूट रुतून बसतात, उन्हाळ्यात भेगा पडतात, हे सगळं खरं आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात तर आमच्याकडे प्यायचं पाणी टँकरने यायचं, मैदानावर पाणी मारा असं कोणत्या तोंडाने म्हणणार? तरीही हे उत्तर मला पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्याच इतिहासात आहे.

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मराठवाडा विद्यापीठ निघालं ते १९५८ ला. त्याआधीच्या पिढीतल्या बहुतेकांना मोठं शिक्षण म्हणजे हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ. आता त्या काळातलं हैदराबाद फुटबॉलमध्ये काय होतं ते पाहा. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. ज्यांनी २०२४ चा अजय देवगणचा ‘मैदान’ पाहिलाय त्यांना हे नाव सांगायला नको. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. १ डिसेंबर १९५६ ला आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, नेव्हिल डिसूझाने तीन गोल मारले. त्या संघात बलराम, झुल्फिकारउद्दीन, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन अशी हैदराबादची मंडळी होती. तारखा नीट पाहिल्या तर लक्षात येईल, जेमतेम एक महिना आधीपर्यंत जालना आणि हे खेळाडू एकाच राज्यातले होते!

त्यामुळे ‘फुटबॉल आपला नव्हेच’ हे काही खरं नाही. तो आपल्या तेव्हाच्या राजधानीचा खेळ होता.

पण मला रहीमसाहेबांच्या पदकांपेक्षा त्यांची सुरुवात जास्त महत्त्वाची वाटते. ते मुळात शाळामास्तर. तरुणपणी उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळले. आणि त्यानंतर ज्या संघातून खेळले त्याचं नाव ‘इलेव्हन हंटर्स’. हा संघ होता कॉलेजच्या आजी आणि माजी विद्यार्थ्यांचा. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं तिथेच थांबलो. आजी आणि माजी! म्हणजे कॉलेज संपलं म्हणून टीम संपली नाही. शिकणारी पोरं आणि शिकून बाहेर पडलेली पोरं एकाच मैदानावर. आमच्या चार बॅचना जे सुचलं नाही ते इतकं साधं होतं.

पुढे १९४३ च्या सुमारास रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. तिथे त्यांनी जे केलं तेही पैशाचं काम नव्हतं. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत बॉल घेऊन पळायचंच नाही, लगेच पास द्यायचा. काहींत फक्त कमजोर पायानेच बॉल मारायचा. याला स्टेडियम लागत नाही, परदेशी कोच लागत नाही. रोज मैदानावर येऊन उभा राहणारा एक माणूस लागतो.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी. रहीमसाहेब कॅन्सरने ११ जून १९६३ ला गेले आणि पुढच्या काळात हैदराबादचा फुटबॉल ओसरत गेला. त्याला कारणं बरीच असतील, पण आमच्या धंद्यातला माणूस लगेच ओळखेल असं एक कारण त्यात नक्की आहे. जेव्हा सगळं ज्ञान एकाच्या डोक्यात असतं, तेव्हा तो गेला की सिस्टीम बंद पडते. म्हणजे एक माणूस लागतोच, पण एकच असून भागत नाही.

मग टिकतं कुठे? महाराष्ट्रात याचं उत्तर कोल्हापूर. तिथे फुटबॉल कॉलेजच्या नाही, तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या मालकीचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल. ज्या पेठेत कुस्तीचा आखाडा, त्याच पेठेची फुटबॉल टीम. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतला आजोबाही येतो आणि नातूही. कधीकधी मारामाऱ्याही होतात, ते काही कौतुकाचं नाही. पण तिथला खेळाडू बारावीत गेला म्हणून टीम बंद पडत नाही, कारण त्याचा काका आधी खेळलेला असतो आणि धाकटा भाऊ बाहेर बूट बांधून बसलेला असतो. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. असा खेळाडू एका वर्ल्ड कपच्या उत्साहातून तयार होत नाही.

कोणी म्हणेल, तालमीची गोष्ट वेगळी, कॉलेजमध्ये पोरं बदलणारच. कबूल. पण पोर्तुगालमध्ये कोइंब्रा नावाचं गाव आहे. तिथलं विद्यापीठ जुनं, आणि तिथल्या विद्यार्थी संघटनेतून निघालेली ‘अकादेमिका’ ही टीम. या टीमने १९३९ ला पहिलाच पोर्तुगीज कप जिंकला, तोही बेनफिकाला ४-३ असं हरवून. त्यानंतर तोच कप पुन्हा जिंकला २०१२ ला, स्पोर्टिंगला १-० ने हरवून. मधे ७३ वर्षं! या ७३ वर्षांत विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या असतील. २०१२ ची टीम आता पूर्ण व्यावसायिक होती, पण जर्सी तीच काळी, नाव तेच. कोइंब्रात कोणाला वाटलं नाही की टीम आम्ही आत्ताच काढली.

असो. कोइंब्रा कुठे, जुना जालना कुठे. आपण आपल्या मैदानावर येऊ.

मेसेज करणाऱ्या त्या कॅप्टनला मी शेवटी विचारलं, ‘तुमची टीम कधी सुरू झाली?’

‘२०२२ ला, दादा. कतारच्या वर्ल्ड कपला. आमच्या आधी कॉलेजात फुटबॉल नव्हताच.’

मी कपाळाला हात लावला. पण मग हिशेब केला आणि चमकलो. २०२२ ला ज्यांनी टीम काढली ती पोरं तर कधीच बाहेर पडली. हा कॅप्टन त्यांच्या नंतरचा. म्हणजे माझ्या माहितीत पहिल्यांदाच ही टीम एका बॅचवरून पुढच्या बॅचकडे गेली होती! हे कसं झालं?

‘ते दादा येतात ना रोज सकाळी साडेपाचला,’ तो म्हणाला. ‘मोंढ्यात दुकान आहे त्यांचं. बॉल त्यांच्याकडेच असतो. नवीन पोरं तेच गोळा करतात.’

तो ‘दादा’ म्हणजे आमचा २०१४ चा गोलकीपर.

आता जरा प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या बॅचमधले बहुतेक सगळे पुणे, बंगलोर, एक जण कॅनडा. बारावीला कमी मार्क पडले म्हणून जालन्यातच बी.कॉम. करून वडिलांच्या दुकानात बसलेला हा एकटा. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्याबद्दल थोडं वाईट वाटून घेण्याची पद्धत आहे. ‘बिचारा अडकला रे गावातच.’ मीसुद्धा हे म्हटलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही बाहेरच्यांनी ग्रुपवर पैसे गोळा करून टीमला नव्या जर्सी पाठवल्या, जर्सीचे फोटो स्टेटसला लावले, एकमेकांची पाठ थोपटली. त्या जर्सी बारावीच्या पोरांबरोबर घरोघरी गेल्या. टीम राहिली ती रोज साडेपाचला उठणाऱ्यामुळे. आणि त्याने ग्रुपवर याबद्दल कधी एक शब्द लिहिला नाही.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे मैदानावर गेलो. सुट्टी असून चौदा पोरं होती. हा गोलपोस्टजवळ उभा राहून सगळ्यांना डाव्या पायाने पास द्यायला लावत होता. मी त्याला रहीमसाहेबांचं सांगितलं. ‘कोण रे हे?’ म्हणाला. त्याने ते नाव ऐकलेलंही नव्हतं. त्याचं त्यालाच सुचलं होतं, सगळी पोरं उजव्या पायानेच मारतात म्हणून.

‘तुला सांगायचंस ना ग्रुपवर, तू हे करतोस म्हणून,’ मी म्हणालो.

‘काय सांगायचं? तुम्ही विचारलं कुठं?’

बरोबर आहे. आम्ही जर्सीचा साईज विचारला होता.

तर सांगायचा मुद्दा हा. छोट्या गावातल्या छोट्या कॉलेजची टीम मरते ती मैदान नाही म्हणून नाही, पैसे नाहीत म्हणून नाही, आणि ‘आपल्याकडे खेळाची संस्कृती नाही’ या गुळगुळीत वाक्यामुळे तर नाहीच नाही. ती मरते कारण टीमचं आयुष्य विद्यार्थ्याच्या आयुष्याएवढं ठेवलं जातं. अकरावीत जन्म, बारावीत मृत्यू. त्यातही आता अर्धी पोरं नावाला कॉलेजात आणि दिवसभर क्लासला. अशा वेळी टीमला दोन वर्षांपेक्षा जास्त आयुष्य द्यायचं असेल तर ते फक्त माजी विद्यार्थीच देऊ शकतात. आणि त्यातही बाहेर गेलेले आपण नव्हे, मागे राहिलेले.

माजी विद्यार्थी आले की राजकारण येतं, हाही आक्षेप मी ऐकलाय. मोठ्ठा बॅनर, त्यावर साहेबांचा फोटो, ‘वाढदिवसानिमित्त भव्य खुल्या स्पर्धा’, पहिलं बक्षीस मोटारसायकल. भीती खोटी नाही. पण बॅनर लावणारा वर्षातून एकदा येतो. रोज पहाटे येणाऱ्याला बॅनर लावायला वेळ नसतो, त्याला दुकान उघडायचं असतं. कोण कशासाठी येतोय हे पोरांना महिनाभरात कळतं.

मग आपण बाहेरच्यांनी काय करायचं? मी स्वतःपुरत्या तीन गोष्टी ठरवल्यात.

एक, वही. साधी दोनशे पानी. कोण खेळलं, कुठे हरलो, किती गोल खाल्ले, बॉल कोणाकडे आहे. दरवर्षी जुन्या कॅप्टनने नव्या कॅप्टनच्या हातात द्यायची. पहिली पानं मी भरून दिलीत: १९९८, २००६, २०१४ आणि बांबूवाली टीम. ‘स्थापना’ हा शब्द कुठेही वापरलेला नाही.

दोन, दरवर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आजी विरुद्ध माजी सामना. पुण्याचे सगळे तेव्हा घरीच असतात. बँकवाले काका गुडघ्याला पट्टा बांधून येतो म्हणालेत, हार्डवेअरवाला दादा पोट कमी करतो म्हणालाय. यातलं एक तरी खरं होईल. :-)

तीन, पैसे पाठवायचे तर पोरांना विचारून नाही, गोलकीपरला विचारून. आणि त्याला दुसरा माणूस शोधून द्यायचा. तो एकटा राहिला तर उद्या त्याला डेंग्यू झाला की टीम पुन्हा ‘स्थापन’ करावी लागेल.

वार्षिक अंकासाठी दोन पानं लिहून दिली. त्यात आमच्या बॅचला दोन ओळी आहेत, गोलकीपरला एक परिच्छेद. तो वाचून त्याने फोन केला आणि म्हणाला, ‘माझं नाव काढ, पोरांची नावं टाक.’ मी पोरांची टाकली, त्याचंही ठेवलं. इतिहास लिहिणाऱ्याला एवढा तरी अधिकार असावा.

तुमच्याही कॉलेजची अशी एखादी टीम असेल. फुटबॉलचीच असं नाही, नाटकाची असेल, वादविवादाची असेल. ती तुम्हीच सुरू केली असं तुम्हालाही वाटत असेल. या सुट्टीत घरी गेलात तर दोन फोन करा: एक तुमच्या आधीच्याला, आणि एक तिथेच राहिलेल्याला. दुसऱ्याला साईज विचारू नका. किती वाजता येऊ, ते विचारा.